रस्त्याकडेच्या खोल्या

हेरवाडेकाकू आमच्या दारात उभ्या राहून हातातला कागद वाचत होत्या. कागद मध्येच डोळ्यांपासून लांब नेत, पुन्हा नाकाशी आणत. त्यांच्या एका डोळ्यानं जवळजवळ काम सोडलं होतं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू होता, तेव्हा त्यांना अक्षर किती दिसत होतं कोण जाणे. बहुधा सगळं पाठच होतं.

"पाणी चमच्यानं द्यायचं, ग्लासनं न्हाई. भात मऊ. दिवस मावळायच्या आत जेवण. दुपारी दोन तास झोप, मधे एकदा कूस बदलायची. पंखा दोनवर. टीव्ही फार न्हाई, मान आखडते. आणि उदय, त्याला एकट्याला सोडायचं न्हाई. मिनिटभरसुद्धा न्हाई."

मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती, आत त्यांची भाची बसली होती. मिरजेच्या दवाखान्यात अकरापर्यंत पोचायचं होतं. काकूंची साखर वाढलेली असायची, म्हणून ऑपरेशनसाठी चार दिवस ठेवून घेणार होते. आणि ज्याच्याविषयी हे सगळं चाललं होतं तो त्यांचा मुलगा पारिस, वय वर्षं एकेचाळीस, आमच्या तीन पायऱ्यांच्या खाली व्हीलचेअरवर बसून रस्ता बघत होता. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय असा त्याचा चेहरा होता.

रिक्षा वळेपर्यंत काकू मागं वळून बघत राहिल्या. पारिसनं हात हलवला. मग त्यानं मान वळवून आमच्या पायऱ्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तो हसला.

हे घर मीच बांधलं होतं. पारिस आला तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, इचलकरंजीत आर्किटेक्ट म्हणून नुकतं बस्तान बसत होतं, आणि गावात कुणी भेटलं की मी त्यांना घर बघायला बोलवायचो. वीस-बावीस वर्षं झाली त्या गोष्टीला. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच, मी आणि आप्पा. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले. पारिस आमच्याकडं आला तो त्यांच्यामुळं.

झालं होतं असं, की गावात सोळा कुटुंबांचं एक पालक मंडळ होतं. प्रत्येकाच्या घरी वयानं मोठं झालेलं, पण दुसऱ्याच्या हाताशिवाय दिवस न काढू शकणारं कुणीतरी होतं. आईबाप थकत चालले होते. आपल्यामागं यांचं काय, हा एकच प्रश्न घेऊन ते दर रविवारी जमायचे. कुणा सद्‌गृहस्थानं जयसिंगपूरच्या रस्त्याला एकरभर जागा दिली आणि मंडळानं तिथं निवासस्थान बांधायचं ठरवलं. काहीजण कायमचे राहतील. काही खोल्या अशा, की कुणाला चार-आठ दिवस आणून ठेवता येईल, तेवढाच घरच्यांना आराम. मंडळाचे अध्यक्ष बिरनाळे सर या भागाला 'विसावा' म्हणायचे. त्यांची मुलगी रेखा तेवीस वर्षांची होती, मंडळातली सगळ्यांत लहान. इमारतीचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं.

मी जीव लावून नकाशा केला होता. पुस्तकं मागवली, पुण्याला जाऊन दोन संस्था बघून आलो. उताराच्या रस्त्याचा चढ किती, दार किती रुंद, संडासात आधाराची दांडी किती उंचीवर, व्हीलचेअर जागच्या जागी वळायला किती मोकळी जागा लागते, सगळं इंचाइंचानं बसवलं. झोपण्याची दोन मोठी दालनं मागच्या बाजूला, बागेकडं तोंड करून, रस्त्याच्या गोंगाटापासून लांब. प्रत्येक दालनात सहा खाटा आणि मदतनीसाला सगळे एका नजरेत दिसावेत म्हणून मधोमध काचेची खिडकी. पुढं उंच कुंपण. रविवारच्या बैठकीत पालकांना नकाशा फार आवडला. पुढच्या रविवारी त्यावर शेवटचा शिक्का बसायचा होता.

त्याच बैठकीत काकूंच्या डोळ्याचा विषय निघाला. दोन वर्षं त्या ऑपरेशन टाळत होत्या, कारण पारिसला ठेवायचं कुठं? डॉक्टरांनी आता सांगितलं होतं की आणखी थांबलात तर हाही डोळा हातचा जाईल. सरांनी विचारलं, कुणाकडं सोय होईल का? सगळे खाली बघू लागले. त्यांचं तरी काय चुकलं; प्रत्येकाच्या घरी एक होतंच. माझ्याबरोबर नुसते गंमत म्हणून आलेले आप्पा दाराजवळच्या खुर्चीवरून म्हणाले, "आमच्याकडं राहू दे की. दोघंच असतोय आम्ही."

घरी येताना मी त्यांच्यावर धुसफुसत होतो. मला दोन साइट बघायच्या होत्या, नकाशाची शेवटची प्रत काढायची होती. आप्पा म्हणाले, "तू कर तुझं काम. मी बघतो त्याचं."

पण पहिल्याच दिवशी, रिक्षा गेल्यावर पाच मिनिटांच्या आत, काम माझ्याच गळ्यात पडलं. तीन पायऱ्यांवरून खुर्ची वर चढवायला आम्ही दोघं आणि शेजारचे जमादारचाचा, असे तिघं लागलो. चाचा कंबर धरून घरी गेले. बैठकीचा उंबरा ओलांडताना पुढचं चाक अडकलं. आणि न्हाणीघराचं दार! गावभर दाखवत फिरलेल्या माझ्या घराचं न्हाणीघराचं दार सव्वादोन फुटांचं होतं, आणि खुर्ची आत जायला निदान अडीच फूट हवे होते. मी टेप लावून पुन्हा पुन्हा मोजलं, जणू मोजल्यानं ते वाढणार होतं. आप्पांनी स्क्रू काढून दार उतरवलं, चौकटीला जुनी चादर लावली, खुर्ची दाराशीच ठेवली आणि पारिसला काखेत हात घालून उचलून आत नेलं. पाण्याचा आवाज आणि दोघांचं हसणं ऐकत मी बाहेर उभा राहिलो. संध्याकाळी साइटवरून प्लायवूडच्या दोन फळ्या आणून पायऱ्यांवर उतार केला. चढ पुस्तकातल्यापेक्षा तिप्पट होता, पण चाचांची कंबर वाचली.

पारिसचं बोलणं मला कळायचं नाही. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला होता; पाय आणि डावा हात आखडलेले, आणि प्रत्येक शब्द जणू लांबून ओढून आणावा लागायचा. अर्धे शब्द घशातच राहायचे. आप्पांना ते संध्याकाळपर्यंत कळायला लागलं. मी मात्र 'हो, हो' म्हणायचो आणि हसायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्याकडं बघत, चांगलं लांबलचक काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, "हो हो, बरोबर आहे."

आप्पांच्या तोंडातला चहा नाकात गेला. पाच मिनिटं त्यांना ठसका आवरेना.

"अरे, तो म्हणतोय तुझ्या डोक्यावर कावळा बसलाय."

पारिस खुर्चीत वाकडा होऊन हसत होता. मग शांत होऊन त्यानं सावकाश, एकेक शब्द सुटा करत मला सांगितलं, आणि या खेपेला मला कळलं.

"कळलं न्हाई... तर... पुन्हा विचार. आणि मी... मोठा आहे. बारा वर्षांनी."

माझे कान तापले. आल्यापासून मी त्याच्याशी शाळकरी मुलाशी बोलावं तसं बोलत होतो, 'पारिस, बाळ, झोपायचं का?' अशा सुरात. त्या सकाळपासून मी त्याला पारिसदादा म्हणू लागलो. आणि न कळल्यावर पुन्हा विचारू लागलो, तीन-तीनदा विचारू लागलो. त्याला त्याचा कंटाळा येत नसे. कंटाळा त्याला दुसऱ्याच गोष्टींचा यायचा.

त्या दिवशी मी त्याची खुर्ची मागच्या अंगणात नेली. चिकूची गार सावली, पाखरं, जराही आवाज नाही. माझ्या नकाशातल्या बागेसारखंच. त्याला तिथं बसवून, तो दिसत राहील असा मी आत खिडकीशी काम घेऊन बसलो. तासाभरानं नीट पाहिलं तर तो भिंतीकडं बघत बसला होता, मान छातीवर, तोंड उतरलेलं. बरं नाही की काय म्हणून मी घाबरलो. आप्पा आले, त्यांनी काही न विचारता खुर्ची वळवली, घरातून पुढं काढली आणि फाटकाशी रस्त्यावर नेऊन उभी केली.

तिथं माणूसच बदलला. आमच्या घरासमोरून स्टँडकडं जाणाऱ्या गाड्या जात. हेरवाड्यांचं घर स्टँडच्या मागं, त्यामुळं घरात बसून आवाजावरून पारिसदादाला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झालेल्या. आप्पा विचारत, "साडेचारची कुरुंदवाड?" तो म्हणे, "दहा मिनिटं... लेट." गाडी खरंच चार-चाळीसला येई. ड्रायव्हर आप्पांना ओळखून हॉर्न देई आणि पारिसदादाचा उजवा हात वर जाई. भाजीवाली थांबली, तिच्याशी वांग्यांवरून वाद झाला. यंत्रमागावरून सुटलेल्या बायका थांबून विचारू लागल्या, हे पाव्हणं कोण? दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्याला आत आणताना माझी त्याच्याशी चांगलीच झटापट झाली.

मी हे सगळं पाहिलं, पण पाहूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही हे कबूल करतो. मला वाटलं, चला, रमला.

काकूंचा फोन दर दोन तासांनी यायचा. ऑपरेशन नीट झालं होतं. दवाखान्याच्या बाहेरच्या पीसीओवरून भाची नंबर लावून द्यायची आणि काकू विचारायच्या, जेवला का, झोपला का, रडतोय का, माझी आठवण काढतोय का? मी रिसीव्हर पारिसदादाच्या कानाला लावायचो. पहिल्या दिवशी तो बोलला. दुसऱ्या दिवशी 'हं' म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "सांग... झोपलाय."

सकाळचे दहा वाजले होते आणि तो आप्पांबरोबर कॅरम खेळत होता. मी काकूंना सांगितलं, झोपलाय. पलीकडून काकू म्हणाल्या, "बरं बरं, झोपू दे." फोन ठेवल्यावर मला फार अपराधी वाटलं. एक म्हातारी आई डोळ्याला पट्टी बांधून फोनशी उभी, आणि मी तिच्याशी खोटं बोललो.

त्याच दुपारी मी टेबलावर नकाशा पसरून बसलो होतो. आप्पा बाजारात गेले होते. पारिसदादा खुर्ची रेटत जवळ आला. मी त्याला सगळं समजावून दाखवलं: इथून चढ, इथं स्वयंपाकघर, इथं जेवायची जागा. त्यानं विचारलं, "माझी खोली?"

मी बोट ठेवलं. पुरुषांचं दालन, खिडकीकडून चौथी खाट.

त्यानं त्या छोट्या चौकोनाभोवती बोट फिरवलं. मग म्हणाला, "दार?"

मी दालनाचं दार दाखवलं.

"कडी?"

कडी नव्हती. आतून कडी लावली आणि आत काही झालं तर? मी ते कारण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग मधल्या खोलीकडं मान करून म्हणाला, "मला... तिथं ने. दार लाव. तू... बाहेर."

मला कागदावरचं शेवटचं वाक्य आठवलं. मिनिटभरसुद्धा नाही. मी कारणं काढली; आप्पा येऊ देत म्हटलं, मी कोपऱ्यात गप्प बसतो म्हटलं. त्यानं प्रत्येक कारणाला नकाराची मान हलवली. शेवटी मी त्याला मधल्या खोलीत नेलं, खुर्चीला ब्रेक लावला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

माझं लक्ष कशातच लागेना. दाराला कान लावून उभा राहिलो. काही ऐकू येत नव्हतं. पाऊण तास झाला, तास झाला. आप्पा आले, त्यांना खुणेनं सांगितलं, तेही माझ्या शेजारी उभे राहिले. सव्वा तासानं आतून हाक आली. आम्ही दार उघडलं. तो होता तिथंच, होता तसाच बसला होता. खिडकीतून ऊन आलं होतं, ते त्याच्या गुडघ्यांवर होतं.

"काय केलंस, दादा?" मी विचारलं.

"काही... न्हाई," तो म्हणाला. त्याचं तोंड असं खुललं होतं, की आप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. "पहिल्यांदा. कुणी... बघत नव्हतं."

शनिवारी काकू परत आल्या, भाचीबरोबर रिक्षातून, काळा चष्मा लावून. पारिसदादाच्या अंगाखांद्यावरून हात फिरवून त्यांनी सगळं जागेवर आहे ना ते तपासलं आणि त्याला घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी मी जुना नकाशा गुंडाळून ठेवला आणि नवा कागद लावला. वेळ फार कमी होता. कच्चंच रेखाटन झालं, रेघा सरळ नव्हत्या, पण सकाळी ते घेऊन मी बैठकीला गेलो.

खोल्या मी उचलून पुढं आणल्या होत्या, रस्त्याच्या बाजूला. सहा-सहाची दालनं मोडून एकेकट्याच्या आणि दोघादोघांच्या लहान खोल्या केल्या होत्या. पुढं लांब ओटा, खुर्ची थेट रस्त्याच्या काठापर्यंत नेता येईल असा. कुंपण कमरेएवढं. काचेची खिडकी काढून टाकली होती. आणि प्रत्येक दाराला आतून कडी.

गहजब झाला. रस्त्यावर खोल्या कुणी काढतं का? धूळ, आवाज, येणारे-जाणारे बघणार. आणि कडी? बिरनाळे सर एरवी फार सौम्य माणूस, पण त्यांचा आवाज चढला. "अहो म्हेत्रे, मुलं आहेत ती. तुम्हाला चार दिवसांत काय कळलं असं?"

मला चार दिवसांत जे कळलं ते मी सांगून काय उपयोग होता? तेवढ्यात काकूंशेजारी बसलेल्या पारिसदादानं हात वर केला. तो बोलू लागला तसे सगळे सवयीनं काकूंकडं बघू लागले. मंडळात त्याचं बोलणं फक्त त्यांनाच कळतं असा सगळ्यांचा समज होता. काकू अभिमानानं पुढं सरकून बसल्या.

"तो म्हणतोय, खोली रस्त्याकडंच पाहिजे. तिकडं माणसं दिसतात." मग पुढचं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणतोय, कडी पाहिजे."

तो पुढं बोलला. एकच वाक्य, पण लांब. काकूंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"काय म्हणाला?" सरांनी विचारलं.

मला कळलं होतं. आप्पांनाही कळलं होतं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. काकूंनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, तपासायला कोण होतं? त्यांनी पदरानं चष्म्याखालचं पाणी टिपलं आणि शब्दन्‌शब्द नीट सांगितला.

"तो म्हणतोय, आईला माझ्यापासून विसावा पाहिजे, तसा मलापण आईपासून विसावा पाहिजे."

पारिसदादाची मान खाली गेली होती. बोलून बसला होता आणि आता घाबरला होता. काकूंनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्या समोरच्या बायकांकडं बघत बोलू लागल्या.

"मी पण एक सांगते. मिरजेत दुसऱ्या दिवशी मला सकाळी आठला जाग आली. एकेचाळीस वर्षांत मी आठपर्यंत झोपले न्हवते. जेवण आलं, गरम भाकरी होती. ती मी गरमच खाल्ली. मधे उठायला लागलं न्हाई. मग बाहेर उन्हात बाकड्यावर बसले, नुसती बसले. मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं, की माझीच मला लाज वाटली. म्हणून मी फोन करत होते. दर दोन तासांनी. तो झोपलाय म्हटल्यावर मनातनं सुटल्यासारखं झालं. मला काय ठाऊक, तो पण तिकडं तेच करतोय."

पहिल्यांदा हसल्या त्या रेखाच्या आई, बिरनाळे सरांच्याच पत्नी. म्हणाल्या, आमची रेखा आत्याकडून परत आली की दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मला वाटायचं तिला तिथं त्रास होतो म्हणून फुगते. मग सगळेच बोलू लागले, एकमेकांना थांबवून. काकूंचा हात कधीतरी पारिसदादाच्या हातावर गेला होता. त्याची मान वर आली होती.

सर मात्र कडीवर अडून बसले होते, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. रेखाला फिट येत. तो पेच आप्पांनी सोडवला. ते म्हणाले, "एसटीला मागं दार असतं की, सर. संकटकाळी बाहेर पडायचं. रोज कोण उघडत न्हाई, पण बाहेरनं उघडता येतं. तसली कडी करायची." मी तिथंच कागदाच्या कोपऱ्यात तशी कडी काढून दाखवली. आतून लागणारी, आणि वेळ पडली तर बाहेरून नाणं फिरवून उघडणारी. सरांनी ती निरखून पाहिली आणि होकाराची मान हलवली.

इमारत व्हायला अडीच वर्षं लागली. पारिसदादाला काकूंनी आधी चार दिवसांसाठी ठेवलं, मग आठ, आणि तिसऱ्या वर्षी त्यानं कायमची खोली मागून घेतली. त्याच हिवाळ्यात काकू मंडळातल्या दोघी-तिघींबरोबर श्रवणबेळगोळला गेल्या. पाय दुखत असताना, बऱ्या झालेल्या डोळ्यानं पायरी बघत बघत डोंगर चढून आल्या. परतीच्या दिवशी मी सांडपाण्याच्या नळाचं काहीतरी बघायला तिथं गेलो होतो. चारच्या सुमारास त्या हातात पिशवी घेऊन गाडीतून उतरल्या. पारिसदादा ओट्याच्या टोकाला बसला होता, त्यानं त्यांना सगळ्यांच्या आधी पाहिलं. त्या लगबगीनं आल्या, त्याच्या शर्टाची कॉलर नीट करायला हात पुढं केला, आणि कॉलर नीटच आहे हे बघून हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

त्यानं उजव्या हातानं शेजारची खुर्ची त्यांच्याकडं ढकलली.

"बस," तो म्हणाला. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून, जमेल तेवढ्या मोठ्यानं, त्यानं हाक दिली.

"पाव्हण्या आल्यात. चहा टाका."

काकू बसल्या.